पंपाचा एमसीबी बंद, तरी गिझर लावला की लाइट जाते

मृग लागला की सुरू आणि दिवाळीच्या आसपास आपोआप बंद, अशी ही तक्रार. देवरुखकडच्या एका वाडीतलं चिऱ्याचं घर. मागे परस, परसात नारळ-पोफळी, आणि घरापासून पंचावन्न-साठ मीटरवर विहीर. सलग तीन पावसाळे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सगळ्या घराची लाइट तोडणारा स्विच, पडत होता. सकाळी गिझरचं बटण दाबलं की खट्ट, आणि सगळं घर गप्प. मी पोचेपर्यंत घरमालक काकांचा एक गिझर बदलून झाला होता, आरसीसीबी दोनदा बदलला होता, आणि कुणीतरी ३० मिलीअँपियरचा काढून १०० चा लावून दिला होता. भर श्रावणात तोही पडायला लागला, तेव्हा मला फोन आला.

"पंपाची लाइन बघितलीत का?" मी विचारलं.

"अरे, पंप पावसाळाभर बंदच असतो. एमसीबी खाली पाडून ठेवलेला. आणि तिथं शिल्डेड केबल आहे, तिथं काय होणार?"

घोटाळा या उत्तरातच होता, आणि तो फक्त काकांचा नव्हता. आधी येऊन गेलेल्या दोन्ही वायरमननी ती लाइन याच कारणानं सोडून दिली होती.

आधी कुठली दांडी पडली ते बघा

"एमसीबी पडतो" असं म्हणून लोक मला बोलावतात आणि निम्म्या वेळा पडलेला असतो आरसीसीबी. ज्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं तो आरसीसीबी. जुने लोक त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो पडला तर करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. बिनबटणाचा एमसीबी पडला तर लोड जास्त झालाय, शॉर्ट झालाय, किंवा स्क्रू ढिला राहून एमसीबी नुसताच तापतोय. ढिल्या स्क्रूची खूण म्हणजे जळका वास आणि वायरचं टोक तपकिरी पडलेलं. तिथं एमसीबी बदलून काही होत नाही. वायर कापून पुन्हा सोलायची, लग लावायचा आणि नीट आवळायचं. आता पुढचं सगळं आरसीसीबीबद्दल.

गिझर दोषी दिसतो, पण

आरसीसीबी एकच गोष्ट बघतो: फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. दोन किलोवॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपियर घेतो. त्यातला तिसेक मिलीअँपियर जरी वाट चुकला तरी घर बंद.

गिझरचं एलिमेंट फुटून गळती होते हे खरं, आणि बहुतेक घरांत तेच निघतं. म्हणून पहिली परीक्षा त्याचीच. गिझर प्लगमधून पूर्ण काढला आणि हॉलमधल्या पंधरा अँपियरच्या प्लगवर इस्त्री लावली. खट्ट. स्वयंपाकघरात इंडक्शन लावलं. खट्ट. पंखे आणि एलईडी कितीही लावा, काही होत नव्हतं.

इथं गिझर सुटला. तीन वेगळी उपकरणं, तीन वेगळ्या लाइनी, आणि तिन्हींवर तोच प्रकार. ज्याला जड लोड लावावा तो चोर ठरत होता. असं दिसलं की डोळे फेजवरून काढून न्यूट्रलकडे वळवायचे. काकू म्हणाल्या, "दोनदा तर संध्याकाळी सातला काहीच लावलेलं नसताना गेली." तेही याच हिशेबात बसत होतं.

हिशेब असा. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंत येणाऱ्या न्यूट्रलला थोडा तरी रोध असतो. समजा अर्धा ओहम. त्यातून नऊ अँपियर गेले की घरातल्या न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत चार-साडेचार व्होल्ट चढतात. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण घरातला न्यूट्रल कुठेतरी ओल्या मातीला टेकला असेल, तर त्या चार व्होल्टना जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे जायला आडवाट मिळते. आडवाटेचा रोध पन्नास ओहम धरा, तर नव्वद मिलीअँपियर तिकडून निघून जातात. आरसीसीबीला ते परत आलेले दिसत नाहीत, तो पडतो. लोड जितका जड, तितके न्यूट्रलवरचे व्होल्ट जास्त. म्हणून गिझरला पडतो, पंख्याला पडत नाही. आणि संध्याकाळी सातला? तेव्हा सगळ्या वाडीचे दिवे आणि मिक्सर त्याच लाइनीवर असतात, न्यूट्रलवरचे व्होल्ट शेजाऱ्यांच्या लोडनं चढतात. आपल्या घरात काही चालू असायची गरजच नाही.

उन्हाळ्यात जांभ्याची माती वाळून खडखडीत होते, आडवाटेचा रोध भरमसाट वाढतो आणि दोष लपून बसतो. पंप चालतो तो नेमका त्याच दिवसांत. पावसाळ्यात माती भिजते तेव्हा पंप बंद. म्हणून पंपावर कुणाचा संशयच गेला नव्हता.

एमसीबी पाडला म्हणजे लाइन सुटली असं नाही

घरोघरी लावलेला साधा एमसीबी एका पोलचा असतो. तो फक्त फेज तोडतो. त्या लाइनीचा न्यूट्रल डीबीतल्या (एमसीबींच्या पेटीतल्या) पितळी पट्टीवर, म्हणजे न्यूट्रल लिंकवर, कायम जोडलेला राहतो. पंपाचा एमसीबी चार महिने खाली असला तरी विहिरीपर्यंत गेलेला न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी बांधलेलाच होता. आधीच्या दोघांनी काय केलं असणार ते दिसतंच: सगळे एमसीबी पाडले, आरसीसीबी टिकला, एकेक एमसीबी वर केला, गिझरचा केला आणि पडला. पद्धत बरोबर, पण ती न्यूट्रलचा दोष पकडू शकत नाही. या दोषात ती हमखास चुकीच्या माणसाला पकडून देते.

मग लिंक सोडवून बघायची. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, कारण चालू लाइनीत न्यूट्रल सुटला तर त्या लाइनीवरच्या प्रत्येक उपकरणाच्या न्यूट्रलवर फेज येऊन बसते आणि हात तिथंच लागतो. मीटरखालचा मेन बंद केला, टेस्टर आणि मल्टिमीटर दोन्हींनी खात्री केली. घरातले सगळे प्लग काढले. मग आरसीसीबीच्या खालच्या बाजूच्या लिंकवरचे न्यूट्रल एकेक करून सोडले, प्रत्येकाला कागदी चिकटपट्टी लावून नंबर घातला. नंबर घातलाच पाहिजे. नंतर आठ काळ्या वायरी एकसारख्याच दिसतात.

आता प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये पाचशे व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. सात लाइनी चांगल्या निघाल्या, काटा पुढेच होता. एक मेगओहमच्या खाली आलेली लाइन मी नापास करतो. आठव्यावर काटा सरळ शून्यावर. मल्टिमीटरनं बघितलं तर चाळीस-पंचेचाळीस ओहम. नंबर आठ म्हणजे विहीर. (मेगर लावण्याआधी डीबीत सर्ज प्रोटेक्टर असेल तर तो सोडा आणि एलईडी बल्ब काढून ठेवा. नाहीतर वाचन चुकीचं येतं आणि बल्बही जातात.)

आठवा न्यूट्रल बाहेर ठेवून, त्याचा एमसीबी बंद ठेवून बाकी सगळं जोडलं. गिझर, इस्त्री, इंडक्शन एकदम लावले. काही नाही.

खणलं तेव्हा

काका जिला शिल्डेड म्हणत होते ती केबल खरोखर आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचं चिलखत असलेली, होती. चांगल्या प्रतीची. फक्त ती घातली तेव्हा विहिरीपाशी सात-आठ मीटर कमी पडली होती, आणि वायरमननं दुसरा तुकडा जोडला होता. जोड एका नारळाच्या आळ्यात. वरून पीव्हीसी पाइपचा तुकडा, आत काळ्या टेपचे वेढे. टेप सोडवायला गेलो तर ती कातडीसारखी अख्खी निघून आली, आणि आतून तांबूस पाणी ठिबकलं. न्यूट्रलच्या जोडावर हिरवट-पांढरा थर आला होता. फेजचा जोड अजून बरा होता, कारण त्यावर टेपचे वेढे जास्त होते. आर्मरच्या तारा दोन्ही बाजूंनी कापून तशाच सोडलेल्या, एकमेकींना जोडलेल्या नाहीत, अर्थिंगला तर नाहीतच. म्हणजे पुढच्या तुकड्यावर कुदळ बसून फेज आर्मरला लागली असती, तर आर्मर जिवंत होऊन बसला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

'शिल्डेड' मागू नका

दुकानात "शिल्डवाली केबल द्या" म्हणून मागतात, त्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. एक स्क्रीन केलेली: आत ॲल्युमिनियमची फॉइल किंवा तांब्याची बारीक जाळी. ती बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून सिग्नल जपायला असते. सीसीटीव्ही, नेटवर्क, डोअरफोन, किंवा पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवलेला असेल तर ड्राइव्ह ते मोटर, एवढीच तिची घरगुती जागा. घराच्या दिव्या-प्लगांना तिचा काही उपयोग नाही. दुसरी आर्मर्ड: आत जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा किंवा पट्ट्या. ती कुदळ, पहार, घूस आणि वरून जाणारा ट्रॅक्टर यांच्यासाठी. पाण्यासाठी नाही. पाणी अडवतं ते बाहेरचं आवरण आणि टोकाला लावलेला ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथं तिला आवळून धरणारं बूच. आवरण एका जागी फाटलं किंवा जोड उघडा राहिला की त्याच पोलादी तारांमधल्या फटींतून पाणी आरामात आतवर पसरतं.

घराच्या आत, भिंतीतल्या पाइपांत आर्मर्ड नकोच. तिथं आयएस ६९४ (भारतीय मानक) ची तांब्याची एफआर (आग पसरू न देणारी) किंवा एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी) वायर पुरे. लाइटला दीड स्क्वेअर एमएमची, प्लगला अडीचची, एसी आणि मोठ्या गिझरला चारची. बाहेर जमिनीखालून जायचं असेल तर आर्मर्ड. तिच्यावरची छापील अक्षरं वाचायला शिका, सोपी आहेत. 'वाय' म्हणजे पीव्हीसी, 'टू एक्स' म्हणजे एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक), 'डब्ल्यू' म्हणजे गोल तारांचा आर्मर, 'एफ' म्हणजे चपट्या पट्टीचा, आणि सुरुवातीलाच 'ए' असेल तर आतला धातू ॲल्युमिनियम. 'ए' नसेल तर तांबं. पीव्हीसी इन्सुलेशनची आयएस १५५४ खाली येते, एक्सएलपीईची आयएस ७०९८ खाली. घरगुती मापाच्या बारीक केबलीत गोल तारांचाच आर्मर असतो, त्यामुळे 'एफ' शोधत बसू नका.

मी तीन कोअरची, चार स्क्वेअर एमएमची, तांब्याची एक्सएलपीई घेतली. तीन कोअर: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. नुसत्या आर्मरच्या भरवशावर अर्थिंग नेऊ नये. काका म्हणाले, "एक एचपीच्या पंपाला अडीचची पुरली असती की." करंट वाहायला पुरली असती. पण अंतर बघा. अडीचच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे साडेसात ओहम. साठ मीटर जाणं आणि साठ मीटर येणं धरलं तर नऊ दशांश ओहम. पंप चालताना सात-आठ अँपियर घेतो, तेव्हा सात व्होल्ट पडतात, हरकत नाही. पण सुरू होताना तो पाचपट ओढतो, तेव्हा तीस व्होल्टच्या वर गळतात. उन्हाळ्यात संध्याकाळी वाडीत आधीच दोनशेच्या आत-बाहेर व्होल्टेज असतं. मोटर नुसती गुरगुरते, उठत नाही, आणि कपॅसिटर जातो. चारच्या केबलीत तोच आकडा वीसच्या आसपास राहतो.

साठ मीटरचा अख्खा तुकडा घेतला. इथं पैसे वाचवू नका. मधे जोड नकोच. टाळताच येणार नसेल तर रेझिन ओतायचं जॉइंटिंग किट वापरा, टेप नाही.

चर अडीच फूट खणायचा असं मी सांगतो. जांभ्यात ते सगळीकडे जमत नाही. दोन जागी फुटावरच कातळ लागला, तिथं जीआय पाइपातून नेली आणि वर चिऱ्याचे तुकडे बसवले. बाकी ठिकाणी खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा, मग माती.

ग्लँड पितळी, डबल कम्प्रेशनचे, दोन्ही टोकांना. बाहेरचं आवरण काढलं की आर्मरच्या तारा छत्रीच्या काड्यांसारख्या उलगडायच्या, ग्लँडच्या कोनावर सगळीकडून सारख्या बसवायच्या आणि मग आवळायचं. दोन-चार तारा बाहेर राहिल्या की लोक पक्कडीनं कापून टाकतात. तसं करू नका, पुन्हा उलगडा. ग्लँडखाली अर्थिंगची चकती घातली आणि तिथून वायर अर्थ बारला नेली, घराकडेही आणि पंपाच्या पेटीतही. पंपाची पेटी आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी. केबल तिच्यात खालून शिरते, आत जाण्याआधी खाली लोंबता वळसा ठेवलाय, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं.

बोर्डात काय बदललं

१०० मिलीअँपियरचा आरसीसीबी काढून पुन्हा ३० चा लावला. १०० आणि ३०० चे आग आणि यंत्रसामग्रीसाठी ठीक आहेत, माणसाचा हात लागणार असेल तिथं ३० च. पडतो म्हणून वरचा आकडा लावणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. फेज-न्यूट्रल थेट जोडून आरसीसीबीला वळसा घालणारेही भेटतात. त्यांच्या घरी मी चहाही घेत नाही.

पंपाची लाइन घराच्या आरसीसीबीमागून काढली आणि मेन स्विचनंतर वेगळी फोडली. तिला स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच: १६ अँपियर, सी कर्व्ह, ३० मिलीअँपियर, आणि मुख्य म्हणजे दोन पोलचा. घेताना दुकानात विचारून घ्या. काही आरसीबीओ एकाच मॉड्यूलचे असतात आणि त्यांच्यात न्यूट्रल तुटत नाही, सरळ आरपार जातो. आपल्याला नेमका तोच तुटायला हवा आहे. आता पावसाळ्यात काका पंपाची दांडी खाली करतात तेव्हा विहिरीकडचा न्यूट्रलही घरापासून सुटतो. आणि उद्या मोटरमध्ये गळती झाली तर फक्त पंप बंद पडेल, घर नाही. आरसीबीओ घराच्या आरसीसीबीच्या पोटात बसवला असता तर दोन्ही एकदम पडले असते. शेजारी शेजारी बसवायचे.

सी कर्व्ह का? बी कर्व्हचा एमसीबी आकड्याच्या तीन ते पाचपट करंटला झटक्यात पडतो, सी पाच ते दहापटीला. सोळाचा बी अठ्ठेचाळीसपासून पडू शकतो, आणि पंप सुरू होताना पस्तीस-चाळीस अँपियर ओढतो. एखाद्या दिवशी कमी व्होल्टेजला मोटर उठायला वेळ लागला की बी दगा देतो. सी ला ऐंशीपर्यंत वाव आहे. सोळा हा आकडा मात्र केबलीला बघून ठरतो, पंपाला बघून नाही. चारच्या केबलीला सोळा आरामात चालतो.

घराच्या आरसीसीबीसाठी आणखी एक: आता इंडक्शन, इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन आलंय, म्हणून अशा उपकरणांची वेडीवाकडी गळतीही ओळखणारा टाइप ए घेतला. डबीवर नुसती लाटेची खूण असेल तर तो टाइप एसी. लाटेखाली अर्ध्या टेकड्यांची दुसरी ओळ असेल तर टाइप ए. आणि आरसीसीबीचा अँपियरचा आकडा वरच्या मेन एमसीबीपेक्षा कमी नसावा, कारण जास्त लोडपासून तो स्वतःला वाचवू शकत नाही.

तुमच्याकडे विहीर नाही आणि तरी हाच प्रकार होतोय? मग इन्व्हर्टर बघा. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला आणि आरसीसीबी पडला, तर फेज इन्व्हर्टरमधून आणि न्यूट्रल आरसीसीबीमधून अशी सरमिसळ झालेली असते. जिन्याच्या टू-वे बटणांतही खालच्या मजल्याची फेज आणि वरच्या मजल्याचा न्यूट्रल उसना घेतलेला सापडतो. दोन मजल्यांना दोन आरसीसीबी असले की जिन्याचा दिवा लावताच पडतात. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच, गेटवरचे दिवे, बाहेरची घंटा हे बाकीचे नेहमीचे गुन्हेगार. सगळे बाहेर, सगळे पावसात, आणि सगळ्यांचा न्यूट्रल एमसीबी पाडूनही जोडलेलाच.

चर बुजवण्याआधी मेजरिंग टेप धरून घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक वळणाचं अंतर मोजलं आणि मोबाइलवर फोटो काढले, कारण पाच वर्षांनी नवीन माड लावताना केबल कुठून गेलीय हे कुणालाच आठवत नसतं. त्यातले दोन फोटो छापून काकूंनी डीबीच्या दाराला आतून चिकटवलेत. एकात टेपवर साडेएकवीस मीटर दिसतात, आणि कडेला काकूंची एक चप्पल.